केराल्टच्या मांडीवरची खूण

१

"फाटलाय," बेर्नात म्हणाला. "पुन्हा. त्याच जागी."

केराल्ट उपचाराच्या बाकावर पालथी पडली होती. मांडीच्या मागच्या बाजूला चार चिकट पट्ट्या, प्रत्येकीला एक वायर, आणि त्या वायरी जिथे जाऊन मिळत होत्या त्या शिवणाच्या डब्याएवढ्या यंत्रावर लाल दिवा. मी कॉफीचा ट्रे घेऊन दारात. या हॉलमधला बार मी चालवते. कुणाच्या घरी पाळणा हलणार आणि कुणाचं लग्न मोडणार हे मला कपात साखर घालता घालता कळतं. पण ही बातमी ऐकून मी ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला.

"मला काहीही दुखत नाहीये," केराल्ट उशीत तोंड खुपसून म्हणाली.

"यंत्राला दुखतंय."

"मग यंत्राला सांग लंगडायला!"

रविवारी दुपारी बाराला आमच्याच हॉलमध्ये कपची अंतिम लढत होती. आमच्या पठारावर पोरं धड चालायला लागायच्या आधी पायांत चाकांचे बूट चढवतात आणि हातात हॉकीची काठी घेतात. पण आमच्या बायकांचा संघ अंतिम फेरीला कधी पोचला नव्हता. या वर्षी पोचला, तो केराल्टमुळे. गोलपोस्टसमोर ती बेडकासारखी दबा धरून बसली की चेंडूलाच आत जायची लाज वाटावी. वय चौतीस. ही लढत झाली की काठी खुंटीला टांगणार, असं तिने सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं. म्हणजे हा रविवार हुकला तर दुसरा रविवार नव्हता.

महिन्याभरापूर्वी तिचा मांडीमागचा स्नायू खरोखर फाटला होता. तेव्हापासून आमच्या संघाचा फिजिओ बेर्नात दर आठवड्याला हे यंत्र लावत होता, आणि मागच्या गुरुवारी दिवा हिरवा झाला म्हणून मी सगळ्यांना फुकट बुन्योल, आमचे गोड वडे, तळून घातले होते. आज लाल. बेर्नातने जवळच्या विक शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. खेळायचं नाही, डॉक्टर म्हणाले. विषय संपला.

केराल्टने कपडे चढवले आणि काळा चष्मा लावला. बाहेर असं धुकं, की समोरचं देऊळसुद्धा देवाने परत नेल्यासारखं नाहीसं झालेलं.

"रेमेई, रविवारी मॅच किती वाजता गं?"

"बारा."

दारापर्यंत गेली, वळली. "किती वाजता म्हणालीस?"

"बारा गं बाळा, बारा."

रडू लपवायला चष्मा, आणि दुःखाने जीव सैरभैर. असं मी मनाशी म्हटलं आणि तिच्या पाठीवर दुरूनच क्रुसाची खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडला, तर बदलखोलीत आलोमाच्या कपाटावर कुणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं: तूच केलंस.

२

आलोमा म्हणजे आमची राखीव गोलकीपर. वीस वर्षांची, उंच, आणि स्वतःच्या उंचीची लाज वाटल्यासारखी वाकून चालणारी. केराल्ट बाहेर बसली की खेळणार कोण? आलोमा. पण तेवढ्यावर कुणी खडू उचलला नसता. (कुणी उचलला, ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही.)

गोष्ट अशी, की त्या चिकट पट्ट्या दर वेळी अगदी त्याच जागी लावाव्या लागतात. म्हणून बेर्नात जांभळ्या पेनाने कातडीवर खुणा करून ठेवतो. आंघोळीने त्या फिक्या होतात, मग त्याच पेनाने पुन्हा गिरवायच्या. आता स्वतःच्या मांडीची मागची बाजू कुणाला दिसते? तुम्ही बघा प्रयत्न करून. केराल्टच्या खुणा गिरवायचं काम आलोमाकडे होतं.

"मी नाही केलं काही," ती माझ्या काउंटरवर डोकं टेकून हुंदके देत होती. "देवमातेची शपथ, रेमेईमावशी."

"देवमातेला असल्या फालतू कामाला बोलावू नये," मागून आवाज आला. "तिला रविवारी पुष्कळ कामं आहेत. मला एक छोटी कॉफी."

जज्जबाई आल्या होत्या. नाव तेक्ला. तीस-एक वर्षं तपास न्यायाधीश म्हणून खुन्या-चोरांच्या डोळ्यांत डोळे घालून बसल्या. आता निवृत्त आहेत आणि आमच्या देवळातलं गायन बसवतात. आमचे फादर प्रवचन अर्धं बोलून अर्धं गाऊन सांगतात, आणि त्यांचा सूर सुटला की बाई ऑर्गनवरून एकच पट्टी अशी दाबतात, की फादर निमूट वळणावर येतात. आरोपींनाही त्या तशाच वळणावर आणत असणार.

त्यांनी कॉफी अर्धी प्यायली असेल-नसेल, तोच केराल्ट आत आली. चष्मा तसाच. माझ्या काउंटरवरच्या दिव्याकडे तिने पाठ केली.

"बाई, यंत्र खोटं बोलतंय. नाहीतर माझा पाय खोटं बोलतोय. दोघांतलं कोण, ते मला रविवारच्या आत हवंय."

"आणि पायच खोटं बोलत असला तर?"

"तर बाहेर बसते. रडते. पण मला कळलं पाहिजे." तिने माझ्याकडून कॉफी घेतली, साखर घातली, ढवळली, आणि ढवळून झाल्यावर पुन्हा साखर घातली.

जज्जबाई त्या कपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "यंत्रवाल्याला बोलवा."

३

बेर्नात बार्सेलोनाहून शिकून आलेला. मुलगा चांगला, फक्त आपल्या यंत्राबद्दल बोलताना नव्या बापासारखा फुगतो.

"यंत्र चुकत नाही," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

"मी कुठे म्हटलं चुकतं म्हणून? बस. मी म्हातारी आहे, मला वीज म्हणजे फक्त बिल कळतं. तू मला समजेल असं सांग."

मग त्याने सांगितलं, आणि सांगितलं झकास. बाहेरच्या दोन पट्ट्यांतून इतका बारीक प्रवाह सोडतात, की माणसाला मुंगी चालल्याइतकंही कळत नाही. आतल्या दोन पट्ट्या तो मोजतात. उत्तरात दोन आकडे येतात. पहिला अडथळ्याचा: मांसातून जाताना प्रवाहाला किती अडचण झाली. सूज आली, पाणी साठलं, की वाट सोपी होते आणि हा आकडा उतरतो. दुसरा थोपवणुकीचा: प्रत्येक पेशीला एक नाजूक आवरण असतं, ते प्रवाहाला क्षणभर धरून ठेवतं. स्नायू फाटला की आवरणं फुटतात, धरणारं कुणी उरत नाही, आणि हा आकडा कोसळतो.

"सुरेख," बाई म्हणाल्या. "महिन्यापूर्वी खरोखर फाटला तेव्हा काय झालं होतं?"

"पहिला जरासा उतरला. दुसरा जवळपास निम्मा."

"आणि काल?"

बेर्नातने यंत्र उघडून पाहिलं. "पहिला साधारण पाचव्या हिश्शाने कमी."

"दुसरा?"

"दुसराही..." तो थांबला. "दुसराही पाचव्या हिश्शाने."

"म्हणजे मागच्या वेळी एकजण घसरला आणि दुसरा दरीत पडला. या वेळी दोघं हातात हात घालून जिना उतरले." बाईंनी कप बाजूला सारला. "असं कशाने होतं, बेर्नात?"

त्याचे कान लाल झाले. "मी... यंत्र मागच्या वेळेशी तुलना करतं. खूप उतरलं की लाल दाखवतं. मी लाल बघितलं."

"लाल सगळेच बघतात. पट्ट्या लावताना अंतर मोजलंस?"

"खुणांवर लावल्या. खुणा माझ्याच आहेत, त्या पुन्हा कशाला मोजू?"

"तुझ्याच होत्या का?"

त्याने यंत्राचं झाकण मिटलं.

"अंतर कमी-जास्त झालं तर फरक पडतो, हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

आता मला राहवेना. "कुणाला नव्हतं ते विचारा! गेल्या रविवारी व्हर्मुतची वाइन घेताना यानेच इथे बसून सगळ्यांना ज्ञान पाजलं. ऑलिव्ह आणि काड्या मांडून! कोच उगेत होता, आलोमा होती, केराल्टचा नवरा मार्तिरिया होता. मी तर होतेच."

"केराल्ट?"

"ती लवकर घरी गेली होती. डोकं दुखतंय म्हणाली."

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी काही विशेष बोलले असं मला वाटलं नव्हतं.

४

कोच उगेत आला तो चिडूनच. "जज्जबाई, माझ्या संघात कोर्ट भरवताय? परवा मॅच आहे!"

"म्हणूनच. केराल्टला बसवायची तुझी इच्छा होती का?"

"माझी? मागच्या मोसमात आमचं वाजलं होतं, खरंय. मी तिला हट्टी म्हटलं, ती मला टकल्या म्हणाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तिच्याविना रविवारी आमची धूळधाण आहे. अहो, दगडाची बाई आहे ती! गेल्या शनिवारी सरावात आमच्या लांबच्या फटक्याचा चेंडू सरळ तोंडावर बसला. मुखवटा असूनही भिंतीवर आपटली. उठली, हसली, म्हणाली पुढचा मारा."

"डॉक्टरांनी तपासलं?"

"कशाला? मांडी सोडून सगळं ठीक होतं की."

मग आलोमा. ती बाईंसमोर इतकी वाकून बसली, की बाईंनी आधी "ताठ बस, पोरी, मणका देवाने सरळ दिलाय," असं सांगितलं.

"केराल्टच्या खुणा शेवटच्या कधी गिरवल्यास?"

"मागच्या शुक्रवारी. काल यंत्र लावायच्या आधी गिरवायला गेले तर गरजच नव्हती. आंघोळ करून आली होती, तरी गडद होत्या. मला वाटलं बेर्नातनेच केल्या."

"जांभळ्या?"

आलोमाने डोळे मिटून आठवलं. "नाही. तपकिरी. कॉफीसारख्या."

बेर्नात मान हलवत म्हणाला, "मी रंग बघितलाच नाही."

"तू बरंच काही बघितलं नाहीस," बाई म्हणाल्या. "खेळायला मिळणार म्हणून आनंद झाला का गं तुला?"

प्रश्न असा सपकन आला, की पोरगी खरं बोलून गेली. "एक क्षण झाला. मग भीती वाटली. मग लाज वाटली."

"या क्रमाने वाटत असेल तर माणूस ठीक आहे. रेमेई, ताजी डुकराची मांडी मिळेल का? आज कापलेली?"

माझा हात छातीवर गेला. "बाई! इस्टरआधीचे उपवासाचे दिवस, त्यात शुक्रवार! आज माझ्या स्वयंपाकघरात खारवलेला मासा आणि छोले. मांसाचं नावसुद्धा—"

"खायची नाहीये. साक्ष घ्यायचीय."

आमच्या गावात ताजं डुकराचं मांस हवं तर एकालाच फोन करायचा. कत्तलखान्यात पशुवैद्याने जनावर पास केलं की त्यावर शिक्का उठवणारा, खुणा करणारा माणूस म्हणजे मार्तिरिया, केराल्टचा नवरा. दुपारी तो पांढऱ्या कपड्यात, खांद्यावर आख्खी मांडी घेऊन आला आणि ओट्यावर ठेवली. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"हे कशाला?" त्याने विचारलं.

"तुझ्या बायकोच्या पायासाठी," बाई म्हणाल्या.

मी बघत होते. त्याचा चेहरा त्या ओट्याच्या संगमरवराइतका पांढरा झाला.

५

देव मला क्षमा करो, पण त्या दुपारी माझ्या ओट्यावर जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

बेर्नातने मांसावर टेपने अंतर मोजून पट्ट्या लावल्या. दोन आकडे आले. मग आतल्या दोन पट्ट्या अंगठ्याएवढ्या जवळ सरकवल्या. दोन्ही आकडे उतरले, बरोबर एकाच हिशेबाने. पट्ट्या पुन्हा मूळ जागी. आकडे परत वर.

"आता मार," बाई म्हणाल्या, आणि मी माझ्या लाकडी हातोड्याने ती मांडी अशी बडवली, की उगेत म्हणाला, "रेमेई, तुझ्याशी कधी भांडायचं नाही." पट्ट्या जागच्या जागी. पहिला आकडा थोडा उतरला. दुसरा धाडकन कोसळला.

"हे फाटणं," जज्जबाई म्हणाल्या. "आणि ते आधीचं, ते सरकवणं. काल यंत्राने सरकवणं पाहिलं, आपण फाटणं वाचलं."

मार्तिरिया भिंतीला टेकून उभा होता. जाऊ का, असं त्याने दोनदा विचारलं. बाई दोन्ही वेळा नाही म्हणाल्या.

मग केराल्ट आली. बेर्नातने तिच्या मांडीवरच्या खुणांमधलं अंतर मोजलं. अंगठ्याएवढं कमी. पट्ट्या योग्य अंतरावर लावल्या, आणि दिवा हिरवा झाला. लख्ख हिरवा, कैरीसारखा.

"जिंकले!" केराल्ट ओरडली, आणि ओरडताच दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसली. डोळे गच्च मिटलेले. मग लगेच हसली. "भुकेने. सकाळपासून काही खाल्लं नाही. बेर्नात, लाव डॉक्टरांना फोन."

बेर्नातने फोन काढला.

"ठेव खाली," जज्जबाई म्हणाल्या. "पाय काय म्हणतो ते कळलं. पायाला खोटं बोलायला कुणी लावलं, ते राहिलंय. आणि त्याहून मोठी गोष्ट राहिलीये: का लावलं."

६

बाहेर धुकं काचेला चिकटून आत बघत होतं.

"स्वतःच्या मांडीची मागची बाजू केराल्टला गिरवता येत नाही," बाई सुरुवात केल्यासारखं नव्हे, उरलेलं आवरल्यासारखं बोलायला लागल्या. "म्हणजे दुसऱ्याने केलं. आलोमाला करायचं असतं तर जांभळं पेन तिच्या हातातच होतं. एकाच रंगाच्या रेघा थोड्या आत सरकवल्या असत्या तर कुणाला कधीच कळलं नसतं. बेर्नातकडेही तेच पेन. उगेतला ती बाहेर बसायला नको होती. ज्याने केलं त्याच्याकडे क्लबचं पेन नव्हतं. त्याने जुन्या खुणा पुसल्या आणि घरात होती ती शाई वापरली. आंघोळीने न जाणारी. तपकिरी."

त्यांनी ओट्यावरच्या मांडीच्या कातडीकडे बोट दाखवलं. तिथे कत्तलखान्याचा शिक्का होता. त्याचाही रंग कॉफीसारखा.

केराल्ट हळूहळू वळली. "मार्तिरिया?"

तो जमिनीकडे बघत होता.

"काल सकाळी तू म्हणालास खुणा फिक्या झाल्यात, पालथी झोप, गिरवून देतो. मी झोपले. तू... माझा शेवटचा सामना, आणि तू?" तिचा आवाज चिरकला. "कशासाठी? मी इतकी वर्षं दर रविवारी घरी नसते म्हणून? तुला एवढंच हवं होतं तर तोंडाने मागायचंस!"

"त्याच्यावर ओरडू नकोस," बाई म्हणाल्या. "तुझ्याच डोक्याला त्रास होईल."

बाईंनी माझ्या ओट्यावरचा दिवा विझवला.

"धुक्यात काळा चष्मा कोण लावतं? ज्याला उजेड सोसत नाही तो माणूस. शनिवारी चेंडू तोंडावर बसला, रविवारी डोकं दुखतं म्हणून लवकर घरी गेलीस. गुरुवारी रेमेईला एकच वेळ दोनदा विचारलीस, आज एकाच कपात दोनदा साखर. मांडीकडे आख्खं गाव महिनाभर बघतंय. डोक्याकडे घरात एकटाच माणूस बघत होता."

"मला काही झालेलं नाही!" केराल्ट म्हणाली. "थोडं गरगरलं होतं. गेलं. पाय हिरवा आहे, मी खेळणार. बोल मार्तिरिया, अडवणार आहेस मला?"

मार्तिरियाने पहिल्यांदा मान वर केली. मोठा माणूस, पण आवाज एवढासा.

"खेळ. मी आता काही करणार नाही. फक्त एवढं सांग, बुधवारी मोराला फिरायला नेलंस, मग काय झालं?"

मोरा म्हणजे त्यांची कुत्री.

"काय होणार? नेलं, आणलं."

"एकटीच आलीस. दोरी हातात आणि कुत्री नाही. मी विचारलं मोरा कुठे, तर म्हणालीस, घरातच असेल की. चेकपोस्टाजवळच्या शेतकऱ्याला हायवेच्या कडेला सापडली ती. मी जाऊन आणली."

केराल्टने कपाळावर बोटं दाबली. ती आठवत होती. आम्ही सगळे तिला आठवताना बघत होतो, आणि तिथे काही नव्हतं. ते बघणं फार वाईट असतं.

"मला सांगितलं का नाहीस?" शेवटी ती म्हणाली.

"सांगितलं. त्याच संध्याकाळी. तू रडलीस, आणि माझ्याकडून वचन घेतलंस, की रविवारपर्यंत कुणालाही बोलायचं नाही." त्याने नाक पुसलं. "तेही तुला आठवत नाहीये."

माझ्या तोंडून "हे देवा" निघून गेलं.

"मी वचन मोडलं नाही," मार्तिरिया म्हणाला. "बोललो कुणालाच नाही. पण दुसरा चेंडू तिथेच बसला तर? म्हणून मी... तुझा पाय फाटला असं यंत्र म्हणालं की डॉक्टर तुला बसवतील, आणि तू यंत्रावर चिडशील, माझ्यावर नाही. एवढंच सुचलं. मी शिक्के मारणारा माणूस आहे, मला दुसरं काय सुचणार?"

बेर्नात कुजबुजला, "माझ्याकडे यायला हवं होतंस."

"तुझ्याकडे? तुला खुणेचा रंगसुद्धा दिसला नाही," मार्तिरिया म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

जज्जबाई केराल्टसमोर येऊन खुर्चीवर बसल्या. "मुली, तू मला विचारलंस, पाय खोटा की यंत्र. उत्तर दिलं: पाय खरा आहे. तो खेळू शकतो. आता डॉक्टरांना फोन होईल. काय सांगायचं, ते तू ठरव. मी तुझ्या वतीने सांगणार नाही, आणि तुझ्याविरुद्ध आज तरी नाही."

माझे छोले करपले, मला वास आला, मी उठले नाही.

मग केराल्टने हात पुढे केला. "दे तो फोन." बेर्नातने दिला. तिने तो कानाला लावला, उजेड नको म्हणून डोळे मिटले, आणि म्हणाली, "डॉक्टर, मी केराल्ट. मांडी ठीक आहे. दुसरं एक सांगायचंय."

सांगून झाल्यावर ती आलोमाकडे वळली. "डाव्या हाताला वर चेंडू आला की तू मागे सरकतेस. सरकू नकोस. चल, अंधाऱ्या बाजूला बसू, तुला सांगते."

नवऱ्याकडे तिने बघितलंही नाही. त्या दिवशी नाही, शनिवारीही नाही.

७

रविवारी हॉल असा भरला, की लोक जिन्याच्या कठड्यावर बसले. ढोल, शिट्ट्या, भोंगे. डॉक्टरांनी केराल्टला अंधारात विश्रांती सांगितली होती, आणि ती घरी थांबायला तयार नव्हती. मग तोडगा निघाला: माझं स्वयंपाकघर. मी खिडकीची झडप ओढली, दारामागे जाड पांघरूण टांगलं, आणि तिला पिठाच्या पोत्यांशेजारी खुर्ची दिली. मार्तिरिया दाराशी उभा. त्याला बस म्हणणारं कुणी नव्हतं.

खेळ भिंतीपलीकडे चालला होता. आम्हाला फक्त आवाज. "हा त्यांचा," केराल्ट म्हणायची, "हा आपला." मी बुन्योल तळत होते आणि ओठांतल्या ओठांत जपमाळ ओढत होते, तेल आणि प्रार्थना दोन्ही उतू जात होतं.

वेळ संपली, बरोबरी. मग जादा वेळ, तरीही बरोबरी. मग भिंतीपलीकडे एकदम सगळं शांत झालं.

"पेनल्टी," केराल्ट म्हणाली. तिने खुर्चीची कड धरली. "आधी त्यांची."

"तुला कसं कळतं?"

"आपली असती तर आपले लोक ओरडले असते." ती पुढे वाकली, गुडघे बाहेर, पाठ खाली, अंधारात, पिठाच्या पोत्यांसमोर, ती गोलपोस्टमध्ये बसली होती. "सरकू नकोस," ती म्हणाली. "पोरी, सरकू नकोस."

मी झारा हवेत धरून उभी. मार्तिरियाने श्वास रोखलेला.

भिंतीतून एक बद्द असा आवाज आला. जाड, बोथट.

"अडवला," केराल्ट म्हणाली.

आणि मग आख्खा हॉल फुटला. छताचे पत्रे थरथरले. तिने दोन्ही कानांवर हात दाबले आणि डोळे मिटून हसत राहिली, गालांवरून पाणी वाहत होतं. मार्तिरिया पुढे आला आणि तिच्या हातांवर आपले मोठे हात ठेवून तिचे कान त्याने आणखी घट्ट झाकले. तिने ते झटकले नाहीत.

गलका ओसरायला बराच वेळ लागला. तेव्हा तिने त्याचे हात खाली ओढले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"उभा काय राहिलायस? ते पोतं ओढ आणि बस. अजून आपली पेनल्टी व्हायचीय."